शून्य रेखावृत्ताच्या पूर्वेला

माझे मामा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच इंग्लंडला आमच्या क्रॉयडनच्या घरी दोन महिन्यांसाठी आले, तेव्हा त्यांना काय काय दाखवायचे याची लांबलचक यादी मी तयार ठेवली होती. त्यांनी मात्र आपल्या वहीतून एकच नाव काढून माझ्यापुढे धरले, आणि ते माझ्या यादीत नव्हते. सरे परगण्यात लिम्प्सफील्ड नावाचे गाव आहे. तेथील हूकवुडच्या घरात २० नोव्हेंबर १८५९ रोजी मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा मृत्यू झाला आणि त्याच गावी त्याचे दफन झाले. मामांना तेथे जाऊन यायचे होते.

मी या देशात अकरा वर्षे राहतो आहे आणि लिम्प्सफील्ड माझ्या घरापासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत आहे, तरीही ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, याची मला खंत वाटली. एल्फिन्स्टन हे नाव आपल्याकडे कॉलेजामुळे माहीत असते. मुंबईच्या लोकलने फिरलेल्यांना ते स्थानकामुळेही माहीत असते, परंतु ते स्थानक मौंटस्टुअर्टच्या नावाचे नसून त्याच्या पुतण्याच्या, म्हणजे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनच्या नावाचे होते, आणि २०१८ मध्ये त्याचे प्रभादेवी झाले. मामांना हवा होता तो काका: १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट, ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी ज्याचा संगमावरचा बंगला पुस्तकांसह जळाला तो, पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मामांच्या मनात त्याच्याविषयी केवळ आदर होता असे मी म्हणणार नाही. "आपले राज्य घेणारा माणूस तो, हे विसरायचे नाही," असे ते म्हणाले, "पण घेतल्यावर गावचे पाटील-कुलकर्णी आणि त्यांचे दप्तर मोडू नका, हेही त्यानेच सांगितले. त्या दप्तराच्या पुढच्या पानांवर मी पोट भरले."

लिम्प्सफील्डच्या सेंट पीटर्स चर्चची माहिती काढताना मला तेथे एक जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून शोधायची लपवलेली डबी, असल्याचे दिसले. हा खेळ मी चार वर्षांपासून खेळतो. ब्रिटनमध्ये गावोगावच्या चर्चभोवती अशा डब्या लपवण्याची 'चर्च मायक्रो' नावाची एक मोठी मालिकाच आहे, आणि आजवर मी तिच्यातल्या चाळीसेक डब्या शोधल्या आहेत. मग दोन्ही कामे एकाच फेरीत करावीत असे ठरवून ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर मामांना खेळ समजावून सांगावा लागला. मे २००० च्या आरंभी अमेरिकेच्या सरकारने जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत जाणूनबुजून मिसळलेली चूक काढून टाकली, आणि सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकू शकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. ही अचूकता पारखण्यासाठी ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातील एका माणसाने रानात एक काळी बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि लोकांना ती शोधायला सांगितले. तेथून हा खेळ जगभर पसरला, आणि आज अशा डब्यांची संख्या तीस लाखांवर आहे. डबी कोणत्याही आकाराची असू शकते, पण तिच्यात नोंदवही किंवा निदान कागदाची गुंडाळी असलीच पाहिजे, आणि सापडवणाऱ्याने तीवर आपले नाव व तारीख लिहून डबी होती तशीच परत ठेवायची असते. ती जमिनीत पुरायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची आणि दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर राखायचे, असे नियम आहेत.

मामांनी सगळे ऐकून घेतले आणि मग त्यांच्या धंद्यातला नेमका प्रश्न विचारला. "आकड्यात शेवटच्या घराला किती फूट?"

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात आणि मिनिटाचे तीन दशांश देतात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे कोठेही सुमारे १.८५ मीटर. रेखांशाचा हजारावा भाग मात्र ध्रुवाकडे जावे तसा आखडत जातो, आणि लिम्प्सफील्डच्या अक्षांशावर तो सुमारे १.१६ मीटर भरतो. फोनची स्वतःची चूक उघड्यावर तीन ते पाच मीटर असते, झाडाखाली त्याहून जास्त. मामांनी लगेच त्याचे आपल्या मापात रूपांतर केले. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागेचा एक गुंठा. "म्हणजे तुझ्या फोनची चूक आठ आण्यांची," ते म्हणाले. "आम्ही बांधावर आठ आणे चुकलो असतो तर दोन भावांत डोकी फुटली असती." हे ते गंमत म्हणून सांगत नव्हते. तशी भांडणे त्यांनी पाहिलेली होती.

वोल्डिंगमनंतर गाडी नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांखालून दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ऑक्स्टेड स्थानक येते. तेथून लिम्प्सफील्ड पूर्वेला, पायी पंचवीस मिनिटांवर आहे. या वाटेचे एक वैशिष्ट्य असे की ग्रिनिचचे शून्य रेखावृत्त ऑक्स्टेडमधूनच दक्षिणेला जाते. स्थानक पश्चिम गोलार्धात आहे आणि चर्च शून्य रेषेच्या पूर्वेला जेमतेम एक किलोमीटरवर. मी फोन मामांच्या हातात दिला. पश्चिमेचे आकडे एकेक करून घटत गेले, सगळी शून्ये झाली, आणि आकड्यांपुढचे 'डब्ल्यू' हे अक्षर जाऊन 'ई' आले. जमिनीवर कसलीही खूण नव्हती. एका बाजूला हेजचे कुंपण होते आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी घराचे फाटक. मामा तेथे बराच वेळ थांबले. आयुष्यभर ज्या आकड्यांच्या आधाराने नकाशे पाहिले, ते सगळे आकडे येथून मोजायला सुरुवात होते, असे त्यांनी मला सांगितले, आणि पुण्याचा रेखांश, पूर्व ७३ अंश ५१ मिनिटे, तोंडपाठ म्हणून दाखवला. उपग्रहांचे शून्य रेखावृत्त ग्रिनिचच्या वेधशाळेत दगडात बसवलेल्या धातूच्या पट्टीवरून जात नाही, ते तिच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांना वाईट वाटल्यासारखे दिसले. ही पट्टी पाहायला आम्ही पुढच्याच आठवड्यात जाणार होतो.

सेंट पीटर्स हे बाराव्या शतकापासूनचे चर्च आहे आणि त्याच्याभोवती गावाची दफनभूमी आहे. आवारात शिरण्यापूर्वी मी मामांना या जागेचे काही संकेत सांगितले, कारण माझ्या मते चर्चभोवतीची डबी शोधण्याचे निम्मे काम म्हणजे हे संकेत पाळणे होय. थडग्यावर पाय द्यायचा नाही, दगडाला टेकायचे नाही, अक्षरे वाचता आली नाहीत तर त्यांवरचे शेवाळ खरवडायचे नाही. अंत्यविधी किंवा विवाह चालू असेल तर परत फिरायचे. डबी कोणत्याही थडग्यावर नसते. थडग्यांवरून फक्त आकडे मिळवायचे असतात आणि डबी आवाराच्या बाहेर असते. मामांना यातले काहीच नवे नव्हते. कोणाच्याही वाफ्यातून न चालता शेताची मोजणी करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा एका नव्या थडग्यापाशी एक वृद्ध गृहस्थ खाली वाकून फुले बदलत होते. आमच्या पहिल्या खुणेची जागा त्यांच्या जवळच होती. ते आपले काम संपवून जाईपर्यंत आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसून राहिलो. त्यात पंचवीस मिनिटे गेली. पुढे संध्याकाळी ती पंचवीस मिनिटे हाती असती तर बरे झाले असते, पण त्याबद्दल आम्हा दोघांनाही खंत नाही.

ही डबी 'मल्टी' प्रकारची होती, म्हणजे तिचे अक्षांश-रेखांश थेट दिलेले नव्हते. आवारातील काही दगडांवरचे आणि फलकांवरचे अंक गोळा करून ते एका सूत्रात भरायचे आणि त्यातून अखेरची जागा काढायची. मूळ प्रश्न व सूत्र मी येथे सांगणार नाही, कारण ते उघड केल्यास लपवणाऱ्याचे कष्ट आणि पुढच्या शोधकाचा आनंद दोन्ही वाया जातील. त्याऐवजी त्याच जातीचा, मी स्वतः रचलेला एक प्रश्न देतो. समजा, असे विचारले की येथे असलेल्या संगीतरचनाकाराच्या येथे येण्याच्या वर्षातील शेवटचा अंक म्हणजे 'अ'. हा रचनाकार म्हणजे फ्रेडरिक डेलिअस. घाईने वाचणारा त्याच्या मृत्यूचे वर्ष १९३४ घेईल, 'अ' म्हणजे ४ लिहील आणि सूत्राने भलत्याच कुंपणात जाऊन पडेल.

कारण डेलिअस १९३४ मध्ये येथे आलाच नाही. १८६२ मध्ये ब्रॅडफर्डला जन्मलेला हा रचनाकार आयुष्याची बहुतेक वर्षे फ्रान्समध्ये पॅरिसच्या दक्षिणेला ग्रे-स्युर-ल्वां या गावी राहिला, अखेरच्या काळात त्याची दृष्टी गेली, शरीर लुळे पडले, आणि १० जून १९३४ रोजी तो तेथेच वारला. त्याला स्वतःच्या बागेत पुरले जायचे होते, पण फ्रेंच अधिकाऱ्यांची त्याला परवानगी नव्हती. दुसरी इच्छा दक्षिण इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या आवाराची होती, जेथे लोकांना रानफुले आणून वाहता येतील. तो स्वतः ईश्वर न मानणारा होता, तरी ही इच्छा त्याने बोलून दाखवली. पत्नी येल्का आजारी असल्यामुळे त्याला तात्पुरते ग्रे येथेच पुरले गेले. मे १९३५ मध्ये शवपेटी समुद्र ओलांडून लिम्प्सफील्डला आणली गेली आणि मध्यरात्री दिव्यांच्या उजेडात तिचे दफन झाले. त्या प्रवासात येल्काचे दुखणे बळावले, दोन-तीन दिवसांत तीही वारली आणि त्याच थडग्यात तिला जागा मिळाली.

मी हे वाचून दाखवत असताना मामांनी दगडाकडे पाहत विचारले, "इथेच का? त्याचे इथे कोण होते?" त्याचे उत्तर त्याच आवारात थोड्या अंतरावर होते. चेलोवादक बिएट्रिस हॅरिसनचे कुटुंब ऑक्स्टेडजवळ राहत असे आणि डेलिअसशी त्यांचा घरोबा होता. १९ मे १९२४ च्या रात्री बिएट्रिसने आपल्या ऑक्स्टेडच्या बागेत चेलो वाजवला, नाइटिंगेल पक्षी त्या सुरांच्या सोबतीने गाऊ लागले आणि बीबीसीने ते थेट प्रक्षेपित केले. नभोवाणीच्या त्या कोवळ्या काळात स्टुडिओबाहेरच्या निसर्गातला आवाज असा थेट लोकांच्या घरात पोहोचणे ही फार मोठी गोष्ट होती. ती १९६५ मध्ये वारली. डेलिअसच्या दफनप्रसंगी भाषण करणारा वाद्यवृंद-संचालक सर टॉमस बीचम हाही आज याच आवारात आहे, आणि त्याचीही तीच कथा आहे. तो १९६१ मध्ये वारला, दुसऱ्या एका दफनभूमीत तीस वर्षे राहिला आणि १९९१ मध्ये येथे, ज्याचे संगीत त्याने जन्मभर लोकांपुढे आणले त्या मित्राच्या शेजारी आणला गेला. दगडावरचे वर्ष आणि माणूस त्या जागी आल्याचे वर्ष या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या आवारात दोनदा शिकायला मिळते. मामांनी आपल्या वहीत मृत्यूचे वर्ष व येथे आल्याचे वर्ष असे दोन स्वतंत्र रकाने आखले, आणि फेरफार नोंदीतही असेच असते, व्यवहाराची तारीख निराळी आणि नोंद मंजूर झाल्याची निराळी, असे सांगितले.

सर्व अंक जमवायला आम्हाला सव्वा तास लागला. एका जागी दगडाच्या खालच्या ओळीतील अंक ३ आहे की ८ यावर आमचे एकमत होईना. अशा वेळी दगडाला हात न लावता वाचण्याची एक रीत आहे: फोनचा दिवा दगडाच्या अगदी कडेने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा, म्हणजे कोरलेल्या खोलगट जागेत सावली पडते आणि झिजलेले अक्षर उमटून दिसते. मामांनी आपली टोपी वरून आडवी धरून उजेड अडवला, मी दिवा धरला, आणि अंक ३ असल्याचे दिसले.

सूत्र मी बाकावर बसून सोडवले. अक्षांश ठीक आला. रेखांशही ठीक आला. तो फोनमध्ये भरला आणि बाण दाखवू लागला त्या दिशेने आम्ही निघालो. अंतर दीड किलोमीटरहून थोडे अधिक होते, पण दूरवर संपणाऱ्या मल्टी मी पाहिलेल्या असल्याने मला त्यात वावगे वाटले नाही. आम्ही गावातून बाहेर पडलो, आल्या वाटेनेच ऑक्स्टेडकडे चालू लागलो, स्थानकाजवळून पुढे गेलो, आणि फोनने ज्या जागी थांबायला सांगितले ती एका रहिवासी रस्त्याच्या कडेची साधी जागा होती. लपवण्याजोगे तेथे काहीच नव्हते. मी पाच मिनिटे विजेच्या खांबाभोवती घुटमळलो. मामा उभे राहून वहीतले माझे गणित पाहत होते.

"अरे, आपण येताना ती शून्याची रेघ ओलांडली ना?" ते म्हणाले. "मग चर्च पूर्वेला. तू इथे पश्चिम लिहिले आहेस."

मी लंडनच्या ज्या भागात राहतो आणि जेथे जेथे खेळतो, ते सगळे शून्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे. चार वर्षांत मी शेकडो वेळा 'डब्ल्यू' लिहिले होते आणि एकदाही 'ई' लिहिण्याची वेळ आली नव्हती. सूत्राच्या ओळीत स्पष्टपणे 'ई' छापलेले असूनही माझ्या हाताने वहीत सवयीचे अक्षर लिहिले. एका अक्षराने आम्हाला शून्य रेषेच्या पलीकडे, आरशात दिसावे तसे, बरोबर तितक्याच अंतरावर नेऊन सोडले होते. अक्षर दुरुस्त करताच बाण उलट फिरला आणि तेच दीड किलोमीटर परतीचे झाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला माझ्या निष्काळजीपणामुळे तीन किलोमीटरची पायपीट पडली, याचे मला फार वाईट वाटले. तसे मी बोलूनही दाखवले. मामांनी फक्त एवढे सांगितले की मोजणीत पहिली गोष्ट उत्तर दिशेची खूण करण्याची असते आणि ती चुकली की बाकीची सगळी मापे बरोबर असूनही नकाशा खोटा होतो. या खेळात नव्याने येणाऱ्यांना मी आता आग्रहाने सांगतो की गणित सोडवल्यावर चालायला लागण्यापूर्वी ते उत्तर नकाशावर टाकून पाहावे. माझ्या हातून तेवढेच राहिले होते.

दुरुस्त केलेली जागा आवाराच्या भिंतीबाहेर, एका पायवाटेलगतच्या झाडीत होती. याहून अधिक वर्णन करत नाही. तेथे नवी अडचण आली. दाट झाडीखाली उपग्रहांचे संकेत पानांतून व खोडांवरून आपटून येतात, त्यामुळे फोनचा आकडा एका जागी उभे असतानाही बदलत राहतो. कधी चार मीटर उत्तरेला म्हणे, कधी सात मीटर आग्नेयेला. माझी नेहमीची पद्धत अशा वेळी सगळीकडे हात घालून पाहण्याची असते आणि ती चांगली पद्धत नव्हे, कारण तिने झाडोरा तुडवला जातो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे लक्ष वेधले जाते. खेळाशी संबंध नसलेल्या लोकांना आम्ही 'मगल' म्हणतो, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डबी काढली तर ती नंतर नाहीशी होण्याची भीती असते.

मामांनी मला थांबवले. त्यांनी फोन घेऊन झाडीबाहेर उघड्या जागेत, आकडा स्थिरावेपर्यंत, दोन मिनिटे उभे राहायला सांगितले. तेथून डबीची जागा १४ मीटर आणि होकायंत्रानुसार अमुक अंश अशी मिळाली. "माझी तेरा पावले म्हणजे एक साखळी," असे म्हणत त्यांनी मनाशी हिशोब केला आणि त्या दिशेला नजर न हलवता अठरा पावले टाकून एक काटकी रोवली. मग दुसऱ्या बाजूच्या उघड्या जागेवरून तेच केले. तेथून अंतर ९ मीटर होते, म्हणजे बारा पावले. दुसरी काटकी पहिलीपासून हातभर अंतरावर पडली. दोन्ही काटक्यांच्या मध्ये एक तुटलेले जुने खोड होते आणि त्यावर आयव्हीची वेल चढलेली होती. शोधण्यासारखे काही उरलेच नव्हते. वेल अलगद बाजूला केली तेव्हा खोडाच्या सांध्यात फोटोच्या फिल्मची काळी डबी बसवलेली दिसली.

मी आजवर शोधलेल्या डब्यांपैकी कोणतीही इतक्या नेटकेपणाने सापडलेली नाही. आत झाकबंद पिशवीत कागदाची गुंडाळी होती आणि तीवर आमच्या आधीची नोंद नऊ दिवसांपूर्वीची होती. मी माझे खेळातले नाव आणि तारीख लिहिली. मामांनी पेन मागून घेतले आणि आपले नाव मोडीत लिहिले. जुन्या दप्तरांसाठी ते मोडी शिकले होते; एल्फिन्स्टन पुण्यात असताना पेशव्यांच्या दरबाराचा आणि गावोगावच्या कुलकर्ण्यांचा सगळा कागद याच लिपीत चाले. पुढचा शोधक त्या ओळीकडे पाहून काय समजेल ते समजो, पण माझ्या मते त्या डबीत ती नोंद असणे फार योग्य झाले. डबी होती तशी, झाकण वेलीच्या बाजूला करून, परत ठेवली, आणि काटक्या उपटून टाकल्या.

आम्ही पुन्हा आवारात आलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते आणि आभाळ भरून आले होते. एल्फिन्स्टनचा दगड डबीच्या प्रश्नांत कोठेच नव्हता, म्हणून तो आम्हाला कोणत्याही सूत्राविना शोधायचा होता. चर्चचे दार बंद झालेले होते आणि विचारायला आवारात कोणी उरले नव्हते. आम्ही दोन ओळी वाटून घेतल्या आणि एकेक दगड वाचत निघालो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातले दगड पुष्कळ होते. काहींवर पूर्ण कुटुंबे होती, काहींवर आठ-नऊ महिन्यांची मुले. मामा प्रत्येक नाव हळू आवाजात उच्चारत होते, कारण इंग्रजी झिजलेले अक्षर त्यांना असे उच्चारूनच लागत असे.

चालता चालता ते एल्फिन्स्टनविषयीच बोलत होते. सोळा वर्षांचा असताना, १७९६ मध्ये, तो हिंदुस्थानात उतरला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा त्याच्या राजवटीत सुरू झाली. १८२७ मध्ये तो निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि पुतळा-चौथऱ्यापुरते न थांबता ते अध्यापक नेमण्यासाठी वापरायचे ठरवले. पुढच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे मूळ त्यात आहे. मायदेशी परतल्यावर गव्हर्नर जनरलचे पद त्याने नाकारले आणि हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीची नवी मोजणी त्याच्या हातून झाली नाही. प्रिंगल या अधिकाऱ्याने नंतर केलेली मोजणी फसली, आणि १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी सुरू केली तीच पुढे टिकली. मामांची सगळी नोकरी त्या पद्धतीच्या वारशावर झाली. "त्याने घाई केली नाही, म्हणून गावे वाचली," हे मामांचे मत. मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्या काळात दख्खनच्या रयतेवर साऱ्याचे ओझे कमी नव्हते. आम्ही त्यावर वाद घातला, पण दगड वाचणे सोडले नाही.

सव्वासहाला अक्षरे दिसेनाशी झाली आणि पावसाचे थेंब पडू लागले. फोनच्या दिव्यावर मी आणखी चार दगड वाचले. अंधारात थडग्यांमधून चालताना चुकून कोणावर पाय पडेल या विचाराने मामांनीच थांबू या असे सांगितले. ज्या लहानशा डबीचे अक्षांश-रेखांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत ठाऊक होते ती आमच्या हाती लागली होती, आणि ज्याच्यासाठी आलो तो याच गावच्या मातीत असूनही त्या दिवशी आम्हाला सापडला नव्हता. मामा मात्र निराश दिसले नाहीत. चर्चच्या दाराच्या आडोशाला उभे राहून त्यांनी वहीचे कोरे पान काढले आणि माझ्या फोनच्या उजेडात आवाराचे टिपण काढायला घेतले. चर्चची इमारत, भिंतीची हद्द, फाटक, मोठी झाडे, पायवाट, सगळे पावलांच्या अंदाजाने, आणि वर उत्तरेचा बाण. ज्या ओळी आम्ही वाचल्या त्यांवर त्यांनी आडव्या रेघा मारल्या. डेलिअस, हॅरिसन व बीचम यांच्या जागी लहान गोल केले. एका कोपऱ्याकडचा भाग तसाच कोरा राहिला.

ते दहा दिवसांनी पुण्याला परत गेले. वही त्यांनी माझ्याकडे ठेवली आहे, आणि कोऱ्या भागाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे: "येथून पुढे वाचणे."